माझी किडनी बंद पडली ती अशी

हे सांगताना आजबी माझं टाळकं तापतंय. पण चहा हुईस्तवर ऐका, न् चूक कुणाची ते तुम्हीच सांगा.

पोरगा संत्या चेन्नईजवळ ओरगडमला, गाड्यांच्या कारखान्यात. त्याच्याकडं ऱ्हायला गेलो न् माझे पाय सुजले. दवाखान्यात डॉक्टर म्हणला, किडनी नीट चालतीय का बघाया लागंल, भरती करा. संत्यानं खाटंखाली भांडं ठिवलं. "आबा, लघवी ह्यातच करायची." एवढंच बोलला न् पळाला डूटीवर.

बरं, केली ह्यात. पण वॉर्डात नर्सिंग शिकणाऱ्या पोरी, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी माझं मूत उचलायचं? लेकीबाळींच्या हातात आपली घाण द्यायची? आमच्यात असलं चालत न्हाई. म्हणून मी दर खेपंला पडद्याआड भांड्यात करायचो, संडासात वतायचो, साबणानं घासायचो न् खाटंखाली पालथं घालायचो. आता ह्यात माझं काय चुकलं?

एक पोरगी सारखी वाकून भांडं बघायची. "यूरिन?"

चार माणसांत असलं इचारती. मला तमिळ एकच शब्द येतोय, इल्लै, म्हंजे न्हाई. दिला ठोकून. दर बारीला तिचं तेच, माझं बी तेच.

दुपारनं मोठी सिस्टर आली, मागं पोरींची रांग. माझं पोट दाबलं. पोट मोकळं. असणारच की, आत्ताच तर जाऊन आल्तो. सिस्टर पोरींना कायतरी शिकवाया लागली, न् पोरी माझ्याकडं अशा बघाया लागल्या जसं काय मला तिरडीवर बांधलंय.

संत्या आला तो डोळं पुसतच.

"आबा, सकाळधरनं एक थेंब न्हाई म्हणत्यात. किडनी बंद पडली. डायलिसिसच्या मशीनला लावायचं म्हणत्यात."

"कुणाची बंद पडली?"

"तुमची."

"आरं गाढवा, सकाळधरनं मी दुसरं करतोय काय?"

"मग भांडं कोरडं कसं?"

"घासून ठिवतोय म्हणून कोरडं."

संत्यानं कपाळावर हात मारला. "आबा, ते मोजायला असतंय. पाणी किती पेलं, भाईर किती आलं."

"मग हे तोंडानं सांगायला काय झाल्तं? मी काय डाक्टर हाय?"

त्यानं सिस्टरला तमिळमधी सांगितलं. तिला पटंना. आत्ता करून दावा म्हणली, न्हाईतर नळी घालणार.

पडदा ओढला. भाईर सगळ्या पोरी गप उभ्या, कान देऊन. मी भांडं धरून उभा. बांधावर, ष्टँडच्या मागं, चालत्या ट्रकच्या फाळक्यावर, जन्मात कधी कुठं अडलं न्हाई. हितं थेंब यीना.

"आबा, झालं का?"

"गप ऱ्हा की जरा."

सिस्टर नळी घिऊनच आत आली, मागनं संत्या. एवढी लांब. संत्याला म्हणलं, "ही नळी घालत्यात कुठं रं?"

संत्यानं कानात सांगितलं.

त्येचं सांगून व्हायच्या आतच सुटली की. भांडं ऱ्हायलं डाव्या हातात. चादर भिजली, फरशी भिजली, संत्याचा कंपनीचा बूट भरला.

सिस्टरनं नळी ट्रेमधी ठिवली न् पोरींकडं बघून कायतरी बोलली. पोरी पोट धरून हसाया लागल्या.

"काय म्हणली रं?"

संत्या बूट उपडा करत म्हणला, "म्हणत्यात, पोरींनो, नीट बघून ठिवा. ह्या पेशंटची किडनी कानातनं चालू करायला लागती."