अडलेलं वाक्य

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या समोर बसलेली मुलगी सकाळपासून एकच वाक्य लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी तिने कागद माझ्याकडे सरकवला. "मॅडम, प्रबंधातलं आहे. नीट वाटतंय का?"

"सदर क्षेत्रातील विद्यार्थिनींच्या अनुपस्थितीस जलदुर्भिक्ष्य हा घटक कारणीभूत असल्याचे निदर्शनास येते."

मी काही बोलणार तोच तिचा फोन थरथरला. ती व्हरांड्यात गेली. खिडकी उघडीच होती.

"जेवते गं आई. एक वाक्य अडलंय. अगं, विहीर आटली की मुली शाळेत यायच्या बंद होतात, एवढंच सांगायचंय." मग हळू आवाजात म्हणाली, "तुझंही असंच झालं होतं ना?"

मोठ्या कचेरीत जाताना माणूस ठेवणीतले कपडे घालतो, तसे आपण शब्द घालतो. साध्या कपड्यांत गेलो तर दारातूनच परत पाठवतील, ही भीती. ती अगदीच खोटी असते असंही नाही.

ती परत आली, बसली आणि एका दमात लिहून तिने कागद पुन्हा माझ्यापुढे धरला. "विहीर आटली की मुलींचे शाळेत येणे बंद होते, असे निदर्शनास येते."

शेवटचे शब्द तेवढे तिने राहू दिले होते. मीही त्यांना हात लावला नाही. आईची गोष्ट घेऊन परीक्षकांसमोर जायचं, तर अंगावर एखादं ठेवणीतलं असू दे.