देवमनची विहीर आणि चालणारी जमीन

आमचं गाव अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातलं. तिथं देवमन विहिरी खोदायचा. खणताखणता मातीचा खडा जिभेवर ठेवायचा आणि सांगायचा, पाणी गोडं लागेल की खारं. त्याची जीभ कधी चुकली नाही. चुकली असती तर बरं झालं असतं.

छप्पन साली त्याच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि आमच्या लोकांच्या पोटात दुखलं. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर, नाल्याकाठची. तिथं त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायचे, तेही बंद केलं. मी शाळामास्तर, शहाणासुरता, पण गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

खारं पाणी पिऊन देवमनच्या बायकोला, सुंदराबाईला, मुतखडे झाले. डॉक्टर म्हणाले, हिला गोडं पाणी पाजा. देवमननं वस्तीत तीन विहिरी खोदल्या. तिन्ही खाऱ्या निघाल्या.

पासष्ट साली भूगर्भ खात्याचे एक साहेब आले. देवमन त्यांच्याकडे मजुरीला लागला. साहेबांनी त्याला समजावलं: आपला देश एके काळी आफ्रिकेला चिकटून होता, तुटून सरकत आला, अजूनही दरसाल बोटभर उत्तरेला सरकतो. जमिनीच्या अशाच ओढाताणीत भेगा पडल्या, सातपुडा वर राहिला, पूर्णेचं खोरं खचलं. खोऱ्यात गाळ भरला आणि खार तिथंच मुरला.

देवमननं त्यातलं एवढंच धरलं, की जमीन उत्तरेला चालते. उत्तरेला सातपुडा, आणि तिथले झरे गोडे. मग दर दसऱ्याला तो तिसऱ्या विहिरीत उतरून माती चाखू लागला.

"माती कावून चाटतं बा?" मी विचारलं.

"जमीन पहाडाकडं चालून राहिली, मास्तर. आज ना उद्या गोडं लागन."

विहिरीजवळच्या दारातल्या बाजेवरून सुंदराबाई म्हणाली, "मी आहो तवर लागन काय?"

सदुसष्टला साहेब पुन्हा आले. देवमननं विचारलं, "साहेब, पहाड किती जवळ आला?"

"पहाडही त्याच जमिनीवर आहे, देवमन. तोही तितकाच सरकतो. अंतर आहे तेवढंच राहणार."

देवमन घराकडे वळला. मी त्याच्यासोबत घरापर्यंत गेलो.

"काय म्हने साहेब?" सुंदराबाईनं विचारलं.

"चालून राहिली म्हने जमीन," तो म्हणाला, आणि खाऱ्या पाण्याचा लोटा त्यानं तिच्या हातात दिला. आमची गोड्या पाण्याची विहीर तिथून दोनशे पावलांवर होती.