सप्त्यातला पोळपाट

सोरायसिस झाल्यापासून माझा माणसांवरचा विश्वास उडाला होता, आणि खरं सांगायचं तर देवावरचाही. कुणी मायेनं चौकशी केली की पाठोपाठ काढा, लेप नाहीतर एखादे महाराज येणार, हे मी ओळखून असे. कोपरांवर खपल्या, नखं खडबडीत. सासरी लोणावळ्यात हळदीकुंकवाला बायका मला लांबूनच कुंकू टेकवत. हल्ली सकाळी उजव्या हाताची मूठ वळत नव्हती, बोटं सुजत होती. हा हात गेला तर काय, या भीतीनं झोप उडाली होती. पण सांगितलं असतं तर नवा लेप आला असता, म्हणून गप्प होते.

इंदुरीला माहेरी सप्ताह होता. मंडपामागे गावच्या बायका पंगतीसाठी चपात्या लाटतात; लग्नाआधी मीही लाटायचे. यंदा भावजय गोड आवाजात म्हणाली, "तुमी कीर्तन ऐका वन्सं, हितं कशाला दमता?" तो गोडवा मला बरोबर कळला. पदरात हात लपवून मी खांबाआड बसले. देवा, तुझ्या दारातही हीच गत, असं वाटून रडू आलं.

तेवढ्यात एका अनोळखी मावशींनी हाक मारली, "बसून काय ऱ्हाता? लाटा की." मी मुद्दाम बाह्या वर केल्या, त्यांनी दचकावं म्हणून. त्या म्हणाल्या, "माज्या दिराला बी हाय ह्ये. दुसऱ्याला लागत न्हाई." आणि हात धरून सुजलेलं बोट दाबलं. मी कळवळले. आता कमरेची औषधाची पुडी निघणार, मी वाटच बघत होते.

"सकाळी आखडत्यात ना? दिरानं अंगावर काढलं, बोटं वाकडी झाली. डाक्टरला दावा, लगीच."

दुसऱ्याच दिवशी गेले. सोरायसिसच सांध्यांत उतरला होता. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. साखर, रक्तदाबही तपासायला सांगून त्यांनी औषध सुरू केलं.

तरी माझा संशय जाईना. या बाईला काय हवंय, ते बघायला मी काल्याच्या दिवशी पुन्हा गेले. त्यांनी पोळपाट पुढे सरकवला. देव भेटला का, मला ठाऊक नाही. शरण जाणं म्हणजे लपवलेला हात पुढे करणं, एवढं कळलं, आणि मी बसले. बोटं दुखत होती. चपाती वाकडीतिकडी झाली.

पंगतीत मावशींनी नेमकी तीच मागून घेतली. त्या जेवत होत्या आणि मी बघत होते, अजून संशयानंच.

त्यांनी ताटावरून मान वर केली. "तुमच्या हातची आणिक हाय का?"