दहा बाय बाराचं शेत

उभ्या वऱ्हाडात आमच्या अकोल्याच्या साडूंइतकी जमीन कुणी तुडवली नसेल, आणि तरी त्यांच्या नावावर एक गुंठा नाही. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. भावाभावांचे बांध त्यांनी सोडवले, हातघाईवर आलेली माणसं साखळी ताणून थंड केली, पण स्वतःचा बांध म्हणून त्यांना घराच्या उंबरठ्यापलीकडे काही नव्हतं. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही, आणि हातात असतं ते 'घरचं' असतं. कुणी घरची तूरडाळ आणतो, कुणी घरची ज्वारी. साडू बिस्किटांचे पुडे आणायचे. कुणी काही म्हणायचं नाही, पण पुडा ठेवताना ते उगाच पंख्याकडे पाहायचे. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांचा मला अमरावतीला फोन आला. "साडूभाऊ, मी शेती करून राहिलो. घरातच! मातीबिगर, पान्यावर, लाइटाखाली. ऐन मे महिन्यात तुमच्या घरी घरचा सांबार घेऊन येतो का नाई, पहा!" सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. मे महिन्यात आमच्याकडे माणूसच कसाबसा हिरवा राहतो, तिथं सांबाराची काय कथा! मी पोट धरून हसलो.

पुढची दोन वर्षं त्यांनी निव्वळ नियोजन केलं. मागच्या खोलीची चार वेळा मोजणी झाली, चारही वेळा ती दहा बाय बाराच भरली, आणि दर वेळी साडूंना त्याचा नव्यानं आनंद झाला. मग नकाशा काढला. खाली सुवाच्य अक्षरात चतुःसीमा लिहिल्या : पूर्वेस मोरी, पश्चिमेस जिना, उत्तरेस स्वयंपाकघर आणि दक्षिणेस 'लोखंडी कपाटाचे अतिक्रमण'. हे कपाट ताईंचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं. तीस वर्षं मोजणीदाराचा संसार केलेली बाई, तिला कायदा तोंडपाठ. "आधी नोटीस द्या, पंधरा दिवसाची मुदत द्या, मंग पंचाईसमोर हात लावा माह्या कपाटाले," त्या म्हणाल्या. साडूंनी खरोखरच नोटीस दिली. ताईंनी पोचपावतीची सही केली आणि त्याच कागदावर भजी काढली. कपाट अजून तिथंच आहे, नकाशात त्याच्याभोवती तुटक रेघ आहे.

त्यांच्याकडचं पाणी खारं. त्यामुळे पाण्यातला क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र त्यांनी मागवलं, आणि तिथून आम्हा सगळ्यांच्या जेवणातलं सुख गेलं. एकदा मोजायची सवय लागलेला माणूस, तो कुठं थांबणार? चहा मोजला, वरण मोजलं, पाहुण्यांसाठी केलेलं पन्हं मोजलं. आमच्या भाचीच्या साखरपुड्यात तर त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या कढीच्या वाटीत यंत्र बुडवलं, आकडा चष्म्याजवळ नेला आणि वाढप्याला गंभीरपणे सांगितलं, "पिकाले नाई चालनार." वाढपी बिचारा वाटी बदलायला धावला. मग छताला दिवे लागले, जांभळट गुलाबी, आणि त्या उजेडात खिडकीशी उभे असलेले साडू गल्लीला दिसू लागले. शेजारणीनं ताईंना गाठलंच. "काहून बाई, पार्लर टाकून राहिले काय भाऊ?"

एवढं नियोजन झाल्यावर एका जानेवारीत पेरणी झाली. भोकं पाडलेल्या पाइपांमधून पाणी खळखळत होतं, दिवे झगझगत होते, साडू पाइपांच्या भोकांत बसवलेल्या स्पंजाच्या ठोकळ्यांवरचे धने रोज भिंगातून पाहत होते. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, धने आपले धनेच. अकोटचे मामेसासरे पाहायला आले. काळ्या जमिनीत आयुष्य गेलेला माणूस. आधी त्यांनी माती कुठं आहे ते विचारलं, ती नाहीच म्हटल्यावर एक धना नखानं उचलून म्हणाले, "जावईबापू, पेराच्या आंधी धने रगडले होते काय?" धना रगडून त्याचे दोन भाग करून पेरायचा, हे वऱ्हाडात शेंबड्या पोराला माहीत. जिल्हाभर बांध मोजणाऱ्या आमच्या साडूंना ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की ताई उठल्या, लाटणं घेऊन बसल्या आणि वाटीभर धने रगडून दिले. मार्चात दुसरी पेरणी झाली, ऊन तापलं तसा घरातला एकुलता कूलर पिकाकडे गेला, आणि "मी काय सांबारापेक्षा कमी हाय काय?" असं म्हणत ताईंनीही आपली खाट त्याच खोलीत टाकली. घरात कोणी आलं की गुलाबी उजेडात, पाइपांच्या मध्ये बसून चहा घ्यायचा. मी स्वतः घेतला आहे. इतका गार चहा-पाहुणचार मे महिन्यात दुसरीकडे झालेला नाही.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, साडू एसटीनं अमरावतीला आले. डोक्याला दुपट्टा, मांडीवर सांभाळून आणलेला डबा, डब्यात ओला पंचा, पंच्यात सांबार. कोवळा, थोडा मलूल, मूठभर. दारातच म्हणाले, "घरचा हाय." या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही, सरळ माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं लगेच सांबारवड्या करायला घेतल्या, त्या मुठीत जेमतेम सहा झाल्या. "भाऊजी, तुमी घ्या न एक," ती म्हणाली. "तुमी खा," साडू म्हणाले. "शेतकरी मानूस मी. मले घरी हाय न." ताईंचा सकाळीच फोन येऊन गेला होता. यांनी सगळं पीक खुडून नेलंय, वरणावर टाकायला काडी ठेवली नाही म्हणून.

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मोर्शीकडे माझी वडिलोपार्जित संत्र्यांची बाग आहे, बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेली. कित्येक वर्षांत मी तिच्या बांधावर उभा राहिलेलो नाही, आणि तिथली फळं मात्र घरची म्हणून ऐटीत वाटत असतो. हा माणूस खुर्चीच्या टोकाशी बसून आम्ही घास कसा चावतो ते डोळे भरून पाहत होता, आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटला. शेवटची वडी मी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी बशी हळूच परत माझ्याकडे ढकलली.