नववीच्या वर्गात पहिलीचं पुस्तक
पहिलीच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडला की शाईच्या वासाबरोबर मला गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या आश्रमशाळेतली नववीची एक दुपार आठवते. पहिली ते दहावीचे वर्ग एकाच आवारात होते. आठवीपर्यंत वाचता येवो न येवो, सगळ्यांना पुढे ढकलत. नववीत मात्र दहावीचा निकाल बिघडवतील अशी मुलं हुडकून घरी पाठवत. त्या दुपारी सरांनी माझ्या बाकावरच्या मुलीच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं. तिला पहिली ओळही वाचता आली नाही. सर म्हणाले, “काऊन बाई, इतकी वर्षं नुसता भात खायले आली होती का इथी?” वर्ग हसला. मग त्यांनी पहिलीतून तिच्या धाकट्या बहिणीला बोलावलं. तिने तेच पान खडाखडा वाचलं. “शाबास. आता ताईचा कान धर.” धाकटीला तो खेळ वाटला. ती हसत टाचा उंचावत होती, पण हात पुरत नव्हता. शेवटी थोरलीच वाकली. “एवढं तरी समजते तुले,” सर म्हणाले. संध्याकाळी थोरली पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गावी निघून गेली. जेवणाच्या रांगेत धाकटी दोघींची ताटं घेऊन उभी होती आणि पुढच्या-मागच्यांना सांगत होती, “ताईले वाचता येत नाई, मले येते.” पुढच्या वर्षी आमचा निकाल शंभर टक्के लागला आणि तसा फलक फाटकावर चढला. मी आता त्याच शाळेत शिकवते. फलकावरचं साल तेवढं दरवर्षी नव्याने रंगवतात.