मांडीवरची नखं

मांजराची नखं कापण्यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्या माणसाचा मला हल्ली राग येतो. तसा मला राग लवकरच येतो, पण हा राग खास आहे.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, फौजेतून निवृत्त होऊन गावच्या मळ्यात ऊस करत होते. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर वर्षाच्या आतच आबांच्या हृदयाची झडप बदलावी लागली. मिरजेत ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना सांगलीतल्या आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली, ती जन्मभराची. त्या गोळीचा अर्थ आम्हाला हळूहळू उमगत गेला. कोपर दाराला लागलं की हातभर काळंनिळं. दाढीचं पातं बंद झालं, मशीन आलं. विळी, सुरी, कात्री सगळं वरच्या फळीवर गेलं. नवऱ्याचं कुपवाडला छोटंसं वर्कशॉप आहे, दिवसभर लोखंड कापणं हाच त्याचा धंदा. पण घरात वडिलांच्या आसपास त्याला टोकदार म्हणून काही खपेनासं झालं.

मांजर मात्र कुणाला न विचारता आलं. मागच्या अंगणातून आत शिरलं, घरभर हिंडलं आणि आबांच्या मांडीवर जाऊन बसलं. आबा तिला बाय म्हणायचे. सासूबाई गेल्यापासून आबा आमच्याशी हो-नाही एवढंच बोलत. या बायशी मात्र तास न् तास गप्पा. सियाचीनची थंडी, पठाणकोटची मेस, उसाला आलेला तुरा, सगळं तिला सांगून व्हायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. आबांनी आपल्याला यातलं काहीच कसं सांगितलं नाही म्हणून कधीकधी हेवाही वाटायचा.

तिची एक खोड होती. झोपण्याआधी ती पुढच्या पायांनी आबांची मांडी मळायची, कणीक मळावी तशी. एका दुपारी मळता मळता तिचं नख आबांच्या मनगटात अडकलं आणि ते सोडवायला तिने हिसका दिला. ओरखडा बोटभर सुद्धा नव्हता. मी टॉवेल दाबून धरला. तो भिजला. दुसरा धरला, तोही भिजला. आबा म्हणत होते, "आगं, थांबंल की," आणि ते थांबत नव्हतं. शेवटी रिक्षात घालून मिरजेला नेलं. पट्टी बांधून डॉक्टर शांतपणे म्हणाले, मांजर घरात नको.

संध्याकाळी नवऱ्याने दाराजवळच्या खुंटीला एक रिकामं पोतं अडकवलं. "रविवारी मळ्यावर सोडून येतो तिला," म्हणाला.

मळ्यावर चुलत दिरांची कुत्री आहेत. ती मांजराला जगू देत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आबांना तर सगळ्यात जास्त. त्यांनी पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. हुकूम ऐकून घ्यावा तसं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला चाललं असतं. पण त्या 'बरं'ने माझं डोकं फिरलं.

"नखं कापूया की!" मी म्हटलं. "नखंच बोथट झाली तर ओरबाडेल कशानं?"

नवरा म्हणाला, "काप. पर आबाच्या अंगावर परत एक जरी ओरखडा दिसला ना, तर रविवारची वाट बघायचो न्हाई मी."

आता खरं तर हे माझं काम होतं. मी वाईची, आमच्या आळीत मांजरांना तोटा नव्हता, एवढं तरी मला जमलं असतं. पण आबा खुर्चीत सावरून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जोर आला. "आसं न्हाई जमायचं," ते म्हणाले. "पाडाय लागंल तिला."

पाडणं म्हणजे काय, हे मला लग्नानंतर मळ्यावर कळलं होतं. कारखाना सुरू व्हायच्या आधी ऊस ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारायच्या असतात. त्यासाठी बैलाच्या अंगाला कासरा गुंडाळून त्याला आडवा करतात, चारी पाय एकत्र बांधतात आणि एक गडी त्याच्या मानेवर बसतो. आबा फौजेत जायच्या आधी त्यांच्या वडिलांच्या बैलांच्या मानेवर बसत. जनावराचे पाय धरायची ही एकच रीत त्यांना माहीत होती, आणि माझ्या नवऱ्यालाही. मी "अहो, हे मांजर आहे" असं म्हणेपर्यंत नवऱ्याने वर्कशॉपमधले वेल्डिंगचे चामडी हातमोजे चढवले होते आणि आबांनी पायजम्याची नाडी मागवली होती.

"एक जण मान, एक जण पाय," आबा दुरून हुकूम सोडत होते. "ढिलं सोडू नगंस रं!"

मान नवऱ्याकडे, पाय माझ्याकडे. बायचे पुढचे दोन पाय नाडीत आले आणि तिसऱ्याला हात लावला मात्र, माझ्या हातात मांजर राहिलंच नाही. जे होतं ते नुसते दात आणि नखं. चामड्याचा मोजा नवऱ्याच्या हातातून निसटून कपाटाखाली गेला. ती भिंतीवर आपटली, उलटली आणि एका पायात अडकलेली नाडी ओढत सरळ आबांच्या दिशेने सुटली. घाबरली की ती त्यांच्याकडेच जायची. आबांनीही, सवयीने, दोन्ही हात पुढे केले. उघडे हात.

मी मध्ये कशी पडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तिची सगळी नखं माझ्या खांद्यात होती आणि मला केवढं हायसं वाटलं होतं. माझं रक्त थांबणारं रक्त आहे.

ती कपाटावर चढून बसली आणि नाडी दातांनी तोडून काढली. ते सगळं ठीक. पण मग ती आबांकडे येईना. आबा खुर्चीत बसत, मांडीवर हात थोपटत, "ये गं बाय, ये की," म्हणत आणि ती वरून नुसती बघायची. दुधाला उतरायची आणि पुन्हा वर जायची. आबांनी जेवण निम्म्यावर आणलं. मला नवऱ्याचा राग आला, नाडीचा आला, बैलांचाही आला. रविवारी पोत्यात भरायला आता ती सापडेल का, याची काळजी नवऱ्याला पडली होती. आबांना मात्र पोत्याआधीच ती गेल्यासारखी झाली होती.

शनिवारी दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले तर बाय आबांच्या मांडीवर झोपली होती. गाढ. आबा बोटानेच मला गप्प राहायला सांगत होते. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि मला उद्याचा रविवार आठवला.

आमची लेक आता पुण्याला शिकते. ती तान्ही असताना तिची नखं मी झोपेतच काढायची. सगळ्याच आया काढतात. जागं लेकरू कुणाच्या बापाला हात देत नाही, झोपलेलं मुठी सोडतं. हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. पण ही झोप तिला फक्त आबांच्या मांडीवर लागायची. म्हणजे जिथे तिचं एक नखही लागायला नको, नेमकी तिथेच मला तिची नखं हातात घ्यावी लागणार होती. मी नेलकटर आणून आबांना दाखवलं. बाय दचकली तर काय, याचा विचार करत होते तोवर आबाच कुजबुजले, "माजा कोट आण. मिल्ट्रीचा."

भर उन्हाळ्यात सांगलीला आबांना तो जाडजूड लोकरी कोट चढवताना मला घाम फुटला, त्यांना तर फुटलाच. मांजर न हलवता एकेक बाही चढवली. मांडीवर गोधडीची घडी सरकवली. उरले ते फक्त हाताचे पंजे. मोजे घाला म्हटलं तर मान हलवली. "मोज्याचा वास आला की उठंल. त्या दिवशीचं ती इसरली न्हाई." आणि त्यांनी तिचा पुढचा पाय आपल्या उघड्या बोटांत घेतला.

त्यातून शनिवार. शनिवारी नखं कापत नाहीत, दिवे लागल्यावर तर कधीच नाहीत. सासूबाई असत्या तर नेलकटर माझ्या हातातून काढून घेतलं असतं.

आबा तिच्या बोटावर हलकेच दाबायचे आणि आतलं नख बाहेर यायचं. पारदर्शक, वाकडं, आणि मुळाशी गुलाबी शीर. त्या शिरेच्या अलीकडेच कापायचं. मी चष्मा पुसला, श्वास रोखला. टक. बायचा कान हलला. आम्ही दोघं दगड झालो. कान पडला. टक. आबांच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता, पण हात ढळत नव्हता. त्यांचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की आबांची स्वतःची नखं मांजराहून वाढलेली आहेत. पुढे आलेली, कडा तुटलेली. त्यांचे डोळे अधू झालेले, त्यांना स्वतःला जमत नव्हतं. आणि आम्ही? आम्ही कात्र्या वरच्या फळीवर ठेवून मोकळे झालो होतो. मला लाज वाटली, पण तेव्हा लाजायला वेळ नव्हता.

एक पाय झाला. दुसऱ्याचं शेवटचं नख उरलं आणि फाटक धाडकन वाजलं. कुपवाडची वीज गेली म्हणून नवरा लवकर आला होता.

बाय दचकली, माझा हात हलला, टक झालं. ती किंचाळली आणि पुढच्या दोन्ही पायांनी आबांच्या उघड्या हाताला धरलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा नवरा दारात होता. आबांच्या कोटावर रक्ताचे थेंब पडत होते, त्यांच्या पंजावरून ओघळत होते. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. तो वळला आणि खुंटीवरचं पोतं काढलं.

"थांब रं," आबा म्हणाले. त्यांनी हात कोटाला पुसला आणि फौजेत किट तपासायला दाखवावं तसा दोन्ही बाजूंनी वळवून दाखवला. "बघ. नीट बघ."

त्यावर पांढरट रेघा होत्या. नुसत्या रेघा. कातडी कुठेही फुटली नव्हती. रक्त बायचं होतं. माझ्या हातून तिची शीर कापली गेली होती. मी धावत हळद आणली, चिमटीत धरून तिच्या नखावर दाबली. ती गुरगुरली, पण आबांनी धरली होती म्हणून राहिली. थोड्या वेळाने मी बोटं काढली. आबा वाकून बघत होते.

"हिचं थांबलं बघ लगीच," ते म्हणाले.

नवरा पोतं हातात घेऊन तसाच उभा होता. मग तो खाली बसला, आबांच्या पायाशी, आणि त्याला हुंदका फुटला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला सासूबाई गेल्या तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मला इतके दिवस वाटत होतं की याला मांजराचा तिटकारा आहे. त्याला त्या भिजलेल्या टॉवेलांची भीती बसली होती.

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तसलं त्यांना येत नाही. त्यांनी माझ्या हातातलं नेलकटर घेतलं, नवऱ्याच्या पुढ्यात धरलं आणि आपला उजवा पंजा त्याच्या गुडघ्यावर टेकवला.

"आता माजी काप," ते म्हणाले. "का मला बी पाडतुयास?"

नवऱ्याने डोळे पुसले. दिवसभर लोखंड कापणाऱ्या त्या हाताला नेलकटर धरता येत नव्हतं. त्याने वडिलांचा अंगठा दोन बोटांत घेतला आणि बराच वेळ नुसता धरून बसला.

"उरक रं," आबा म्हणाले. "शनिवार तर मोडलाच हाय, दिवं लागायच्या आत तरी हुंदे."