खंडेनवमीच्या पट्ट्या

परळीच्या थर्मल वीजकेंद्रात वीस वर्षं ठेकेदाराकडे वेल्डिंग केल्यावर मन्मथप्पा एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. अठ्ठ्याण्णव साली तिथे एक परदेशी यंत्र आलं. टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर दाबून ते डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने घासायचं, आणि त्या जुळून यायच्या. ना ठिणगी, ना धूर, ना वितळणं. विमानाचे हलके भाग असे जोडता येतील का, हे तिथले प्राध्यापक रवि सर शोधत होते. जन्मभर लोखंड वितळवलेल्या मन्मथप्पाला आधी ते थोतांडच वाटलं. महिन्याभरात मात्र तो यंत्राच्या असा नादी लागला, की सुटी जिवावर यायची.

सुटीला घरी होतं तरी कोण? बायको शांतादेवीला जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा केदारनाथ पुण्याला कंपनीत, दरवेळी दिवाळीला येतो म्हणायचा. घरी मन्मथप्पा दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नसे. कॉलेजात सर दिवसातून दहा वेळा हाक मारायचे. खोटं कशाला सांगायचं, तेवढ्यावरच माणूस तगून होता.

दसऱ्यानंतर पुण्याचे पाहुणे चाचणीला येणार होते. जोड टिकला तर यंत्र इथेच राहील, नाहीतर जाईल, असं मन्मथप्पाच्या कानावर आलं होतं. खंडेनवमीला त्याने यंत्राची पूजा केली, घरच्या रिवाजाप्रमाणे तीन बोटं विभूतीची ओढली. शेजारी चाचणीच्या पट्ट्या स्वच्छ करून ठेवल्या होत्या. धुळीचा, राखेचा कणही राहिला तर जोड धरत नाही, म्हणून त्यांना बोटही लावायचं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण यंत्राला विभूती आणि पट्ट्या तशाच, हे मनाला पटेना. त्याने लावली. मग चुकल्यासारखं वाटून रुमालाने पुसून टाकली.

चाचणीत ताण देताच जोड उकलला. पाहुणे वह्या मिटून जेवायला गेले. सरांनी उकललेल्या पट्ट्या न बघताच डब्यात टाकल्या, आणि तेच मन्मथप्पाला जास्त लागलं.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून सरांपुढे उभा राहिला.

"सर, पट्ट्यांला विभूती मी लावलती. चूक माझी हाय. यंत्र नेऊ नका, मला काढा."

रवि सरांनी त्याला खुर्चीत बसवून खरं काय ते सांगितलं. यंत्र पुण्याला न्यायचं महिन्यापूर्वीच ठरलं होतं, त्याच्याबरोबर तेही चालले होते. चाचणी नुसती कागदोपत्री होती, जोड टिकला असता तरी काही बदललं नसतं.

"मंग मला कावून सांगितलं न्हाई?"

सर जरा ओशाळले. "तुम्हाला सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही, मन्मथप्पा."

यंत्र आपल्यामुळे जातंय, हे तीन दिवस त्याने मनाला लावून घेतलं होतं. आता वाटलं, तसं असतं तर बरं झालं असतं.